नव्वद किलोमीटर आणि सात घरे

माझा एक आतेभाऊ कॅनडात कॅलगरी या गावी असतो. गेल्या वर्षी त्याचे मोठ्या अगत्याचे बोलावणे आले. "सहकुटुंब या. कॅलगरीहून व्हँकूव्हरपर्यंत मोटारीने जाऊ. वाटेत बॅन्फचे अरण्य, रॉजर्सची खिंड, बर्फाचे डोंगर! हजार किलोमीटरला थोडेच कमी. आणि शेवटी व्हँकूव्हरला धाकट्या काकाच्या घरी मुक्काम."

हा निरोप मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुलांनी लगेच नकाशा काढला, सौभाग्यवतींनी लोकरीच्या कपड्यांचा विषय काढला, आणि मी मनातल्या मनात प्राध्यापकाच्या पगाराला विमानाच्या तिकिटाने भागू लागलो. आई शेंगा सोलीत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "एवढा रस्ता तुडवायचा आणि घर एकच?"

"तिकडे तसंच असतं, आई."

"मग त्यापेक्षा मला जळगावहून धुळ्याला ने. नव्वद किलोमीटरात सात घरं आहेत. माझं वय अठ्ठ्याहत्तर झालं. एकदा सगळ्यांना भेटून येते."

सहा घरांची नावे तिने बोटांवर मोजली. सातवे कोणाचे, ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. ते धुळ्याच्या मावशीचे होते, आणि त्या घराची पायरी मी एकोणीस वर्षांत चढलो नव्हतो.

पौषातल्या एका पहाटे आम्ही पुणे सोडले. दुपारी अजिंठ्याचा घाट उतरलो आणि समोर खानदेशची काळी जमीन पसरली. कपाशीची वेचणी उरकत आली होती. उन्हात तीळ सांडावेत तसे चुकार कापूस झाडांना चिकटून राहिले होते. आईने मोटारीची काच खाली केली.

"आई, धूळ येईल," सौ. म्हणाली.

"येऊ दे. ओळखीची आहे."

जळगावात पहिली दोन घरे मामेभावांची. हिवाळ्यात खानदेशी माणसाच्या घरी जाणाऱ्याला भरीत चुकत नाही. पांढरट हिरवी, हातभर वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलून ठेचायची, हिरवी मिरची आणि लसूण घालून तेलात परतायची. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ म्हणजे कळणा. पुण्याच्या पोळीवर वाढलेल्या माझ्या मुलांनी तीन तीन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा वहिनींनी समाधानाने पदर खोचला.

वहिनी आसोद्याकडच्या. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो; डोळ्याला त्या 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया'. ही लेवा गणबोली. आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. 1880 साली तेथे जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचीत आणि घरातली माणसे, विशेषतः त्यांचे कवी चिरंजीव सोपानदेव, ती टिपून घेत. 1951 साली बाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. ज्या बाईने शाळेचा उंबरा ओलांडला नाही, तिच्या नावाची पदवी घेऊन पोरे बाहेर पडतात! दुसऱ्या दिवशी गिरणेचा पूल ओलांडताना ते विद्यापीठ मुलांना दाखवले आणि सवयीप्रमाणे एक छोटेसे व्याख्यानही दिले.

तिसरे घर एरंडोलला, चौथे आणि पाचवे पारोळ्याला, सहावे धुळ्याच्या अलीकडे एका खेड्यात. प्रत्येक घरी तोच क्रम: पाणी, चहा, "कित्ती बारीक झालीस" असा आईविषयी शेरा, मग कोण गेले आणि कोणाला मुलगा झाला याचा हिशेब, आणि निघताना पुन्हा चहा. पारोळ्यात भुईकोट किल्ला पाहायचा बेत होता. पण मावसबहिणीने शेवभाजीचे पातेले चुलीवर चढवले आणि किल्ला होता तेथेच राहिला.

या वाटेवर मी चहाच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट मोजीत होतो. जळगाव सोडताना आई आमच्याशी बोलते तशी पुणेरी मराठी बोलत होती. एरंडोलला तिच्या तोंडून 'आहे' गेले आणि 'शे' आले. पारोळ्याला 'माझा' आणि 'तुझा' जाऊन 'मना' आणि 'तुना' आले. सहाव्या घरी तर ती 'आठे' आणि 'तठे' करीत अशी भरभर बोलू लागली की मुले माझ्याकडे पाहू लागली. सत्तावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्यात आलेली माझी आई मैलामैलाने माहेरी जात होती.

ही अहिराणी. तिचे 'शे' गुजरातीच्या 'छे'ला जवळचे आणि तिचा 'ना, नी' हा षष्ठीचा प्रत्ययही गुजरातीची आठवण देणारा. ग्रिअर्सनसाहेबाने आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले. हे सारे मी एम. ए.च्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. शिकवताना एक गोष्ट मात्र सांगत नाही. ती आता सांगतो.

मी पाच वर्षांचा असताना आई फार आजारी होती. ते वर्षभर मला धुळ्याच्या मावशीने सांभाळले. अहिराणी मी तिच्या मांडीवर शिकलो आणि पुण्याच्या शाळेत विसरलो; विसरलो म्हणण्यापेक्षा लपवली. पुढे एम. ए. झालो, नोकरी लागली, लग्न ठरले. लग्नात मावशी सौ.च्या मंडळींपुढे माझ्या पाठीवर हात ठेवून कौतुकाने म्हणाली, "हाऊ मना आंडोर शे." हा माझा मुलगा आहे. 'आंडोर' हा शब्द ऐकून कोणीतरी हसले. मग चारपाच जण हसले. आणि मराठीचा नवा प्राध्यापकही त्यांच्याबरोबर हसला. वर म्हणाला, "चालायचंच, मावशी तशीच बोलते."

मावशी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी पुस्तकी मराठीतच बोलू लागली. दिवाळीला फोन केला की, "आपण सगळे बरे आहात ना?" असे विचारी. सख्ख्या मावशीच्या तोंडचे ते 'आपण' ऐकून मला फोन ठेवावासा वाटे. मी कामाच्या सबबी सांगत राहिलो आणि एकोणीस वर्षे गेली.

धुळे हे आखीव पेठेचे गाव. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचे ठाणे येथे आणले आणि नव्या पेठेला बरकत आली. येथल्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, त्यामुळे चुकायला निमित्त मिळत नाही. मावशीचे दार उघडेच होते. चौऱ्याऐंशी वर्षांची मावशी झोपाळ्यावर बसली होती. आईला पाहताच तिने दोन्ही हात पसरले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "या. बसा. प्रवास ठीक झाला ना?"

त्या 'बसा'वर मी कसाबसा बसलो. संध्याकाळी जीव रमेना, म्हणून राजवाडे संशोधन मंडळाकडे चक्कर टाकली. कागदांच्या शोधात महाराष्ट्रभर पायपीट केलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावात देह ठेवला. त्यांच्या मागे मित्रांनी आणि चाहत्यांनी त्यांचे दप्तर येथे जपले. जवळच्या माणसाला मुलांसाठी तुरुंगाची वाट विचारली. 1932 साली त्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बंद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द भराभर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे झाले.

परत येताना मनात आले, या मुलखात बोलणाऱ्याला लिहून घेणारा नेहमी भेटत आला आहे. आईला मुलगा भेटला, विनोबांना गुरुजी भेटले. लिहून घेणाऱ्याला आधी ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याला हसून चालत नाही. माझ्या मावशीला कोण भेटले? एक एम. ए. झालेला भाचा.

जेवणानंतर मी वही काढली आणि म्हणालो, "मावशी, जात्याच्या वेळची जुनी गाणी सांग ना." ती म्हणाली, "आता स्मरणात नाहीत." 'स्मरणात'! मी वही मिटली.

रात्री अंगणातल्या खाटेवर पडलो होतो. आत दोघी बहिणी बोलत होत्या. मधूनच हसत, मधूनच एक जण काहीतरी गुणगुणे आणि दुसरी पुढची ओळ उचली. गाणी स्मरणात होती. पाणी प्यायला म्हणून मी उठून दारात गेलो. दोघी गप्प झाल्या. "काही हवे आहे का?" मावशीने विचारले. मी नको म्हणून परतलो. माझ्या मागे पुन्हा हलक्या आवाजात अहिराणी सुरू झाली. आपल्याच माणसांच्या बोलीबाहेर असे उभे राहणे काय असते, ते त्या रात्री मला कळले. मावशीला ते एकोणीस वर्षांपूर्वी भर मांडवात कळले होते.

सकाळी निघताना सगळे पाया पडले. मी वाकलो, आणि रात्रभर जुळवलेले वाक्य तोंडातून बाहेर पडले, "मावशी, तुना आंडोर चुकना. मी जास आते."

झोपाळा थांबला. मावशी माझ्याकडे पाहत राहिली. वाक्य बरोबर होते की नाही, देव जाणे. पण तिच्या कपाळाला आठी पडली.

"जास म्हनू नको," ती म्हणाली. "येस म्हन."

'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा घरोघरचा रिवाज. अहिराणीत 'येतो' म्हणजे 'येस'. माझ्या धाकट्याला तेवढाच शब्द कळला. तो ओरडला, "आजी इंग्लिश बोलली!" सगळे हसले. मी दचकून मावशीकडे पाहिले. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून.

"येस," मी म्हणालो.

"आनि आते बठ. चहा पीसन जाय."

मी बसलो. पुढचा चहा कितवा, ते मोजले नाही.

येत्या भाऊबीजेला आम्ही पुन्हा धुळ्याला निघालो आहोत; कॅनडाचे पुढच्या वर्षी पाहू. सामानात वही घेतली आहे. लिहून घेणारा म्हणून मावशी मला पसंत करते की नाही, ते तेथे गेल्यावर कळेल.