हंगामी कारभारी

तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांना संगणकाच्या पोटात डोकवायची काय हौस! पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

लिनक्सच्या गाभ्यात मेमरी वाटून देणारा एक कायमचा कारभारी असतो. मात्र त्याच्या स्वतःच्या वह्या मांडायलाच आधी मेमरी लागते. ती द्यायची कोणी? आधी कोंबडी की आधी अंडं!

त्यासाठी एक हंगामी कारभारी होता, 'बूटमेम'. त्याचं काम हजेरीपटासारखं. मेमरीच्या प्रत्येक पानामागे एक खूण, रिकामं की भरलेलं. ४ किलोबाइटचं पान धरलं तर एका गिगाबाइटला २,६२,१४४ खुणा! संगणक सुरू होताना घडी बसली, की उरलेली पानं कायमच्या कारभाऱ्याला सोपवून हा बाजूला व्हायचा.

२०१० मध्ये 'मेमब्लॉक' त्या नावाने रुजू झाला. तो पानं मोजत बसत नाही. असलेल्या मेमरीचे पट्टे आणि त्यांतले राखीव पट्टे, अशा दोन याद्या ठेवतो. तरी बूटमेमला पूर्ण निरोप मिळाला तो डिसेंबर २०१८ मधल्या ४.२० या आवृत्तीत. लिनक्स नाना तऱ्हेच्या प्रोसेसरांवर चालतं. एकेकाला नव्या पद्धतीवर आणेपर्यंत जुना जागेवरच राहिला.

निवृत्तीनंतर माझ्यावाचून शाळेचं काहीच अडलं नाही, याचं मला बरेच दिवस वाईट वाटे. आता वाटतं, अडलं नाही म्हणजे सोपवणं नीट झालं होतं.