विरजण

आम्ही जन्मात बिअर प्यालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यात तत्त्वाचा बडेजाव नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या घरातली ती नुसती सवय. पुढे हिशेब खात्याने आम्हांला शिलाँग, कटक, जबलपूर असे फिरविले, तरी ती सुटली नाही. असे असूनही गेल्या जुलैत ॲडलेड येथे मुलाच्या स्वयंपाकघरात आम्ही बाह्या सरसावून २३ लिटर बिअर आंबवीत उभे होतो, हे ऐकून आमच्या जुन्या सहकाऱ्यांस मौज वाटेल.

त्या गावी या उद्योगाला कोणी नावे ठेवीत नाही. कूपर घराण्याचा १८६२ पासूनचा बिअरचा कारखाना तिथलाच. घरगुती बिअरचे डबेही तो विकतो. स्वतःपुरती बिअर घरी करण्यास तिकडे मुभा आहे. भट्टी लावून दारू गाळाल तर मात्र गुन्हा.

डब्यात मोड आणलेल्या जवांचा, काकवीसारखा घट्ट आणि कडवट अर्क १.७ किलो असतो. झाकणाखाली यीस्टची पुडी. अर्क व किलोभर साखर उकळत्या पाण्यात ढवळायची, गार पाण्याने २३ लिटरांची खूण गाठायची, वर यीस्ट भुरभुरायचे. कृती एवढीच. खरी कटकट स्वच्छतेची. आमचा हात चुकून जंतुनाशकात बुडवून काढलेल्या पळीला लागला, तेव्हा मुलगा ओरडला, "बाबा, शिवू नका!" आईचे सोवळे सोडून आम्हांला पन्नास वर्षे झाली, ते असे पुन्हा गाठील, ही कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिंप निपचित. तिकडे जुलै म्हणजे थंडी. यीस्टला हवी विसाच्या आसपासची ऊब, आणि रात्री पारा आठावर. मुलगा सारे ओतून द्यायला निघाला. आम्ही म्हणालो, "थांब. विरजण लागलं नाही, की तुझी आजी काय करायची?"

"मला कसं ठाऊक असणार, बाबा?"

खरेच होते. पाचवीपासून तो वसतिगृहात. आजीच्या स्वयंपाकघरात तो केवळ सुटीतला पाहुणा.

आम्ही पिंप आतल्या खोलीत नेले, घोंगडीत गुंडाळले, शेजारी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. रात्री झाकणावरच्या नळीतून पहिला बुडबुडा आला. मग दोघेही तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मला तिथे का ठेवलंत?" आम्ही बदल्यांची कारणे सांगितली: भर नोव्हेंबरात आलेला हुकूम, बुडणारे शाळेचे वर्ष. ती सारी खरी होती. तरी सांगताना आपण लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर देत आहो, असे वाटत राहिले. तो काही बोलला नाही. उठून त्याने पिशव्यांतले पाणी बदलले.

घनतामापकाचा आकडा १.०३८ वरून १.००८ वर उतरला, आणि दोन दिवस हलला नाही, तेव्हा बाटल्या भरल्या. घाई केली तर त्या फुटतात. प्रत्येकीत थोडी साखर घालून निदान दोन आठवडे थांबावे लागते. आमचे विमान सहाव्या दिवशी होते.

परवा त्याचा फोन आला. "दोन बाटल्या ठेवल्या आहेत, बाबा. पुढच्या जुलैपर्यंत टिकतील."

"तुम्ही तर पीत नाही," सौ. म्हणाली. आम्ही कपाटातून पारपत्र काढून त्याची मुदत पाहत होतो.