पिनकोड ४०००८८

मुंबईत संशोधनासाठी यायचे म्हटले की डोळ्यांपुढे फोर्टातली एशियाटिक येते, कुलाब्याची टीआयएफआर येते, पवईची आयआयटी येते. हार्बर लाइनवर गोवंडीला उतरण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण देवनार ते मानखुर्द या पट्ट्यात, एकाच पिनकोडात, देशभर नाव असलेल्या तीन संस्था आहेत. समाज, लोकसंख्या किंवा विज्ञानशिक्षण यांच्या अभ्यासकाला माझ्या मते मुंबईत याहून चांगला मुक्काम नाही.

यातली सर्वांत जुनी 'टिस', म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ साली नागपाड्याच्या दाट वस्तीत ती सुरू झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ चे. ऑलिंपियाडला जाणारी भारतीय मुले इथेच तयार होतात.

तिसरी लोकसंख्या-अभ्यासाची आयआयपीएस. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून १९५६ साली ती उभारली. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या पाच फेऱ्यांची सूत्रे इथूनच हलली. या पाहण्यांचे आकडे आज घरबसल्या मिळतात, त्यासाठी बिऱ्हाड हलवायची गरज नाही. मात्र एखादा प्रश्न असाच का विचारला, कुठल्या प्रश्नाला बायका उत्तर द्यायला कचरतात, नमुना कसा निवडला, हे सांगणारी माणसे देवनारच्या कँटीनमध्ये भेटतात. तरुण अभ्यासकाची ती खरी कमाई.

आणि विषय दारातच आहेत. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारे डंपिंग ग्राउंड, १९७१ मध्ये वांद्र्याहून आलेला कत्तलखाना, पालिकेने विस्थापितांसाठी वसवलेले शिवाजीनगर, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने. पलीकडे ठाणे खाडी, जिला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंग पेटले तेव्हा तो धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला आणि पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. श्वसनविकार, नगररचना, कचरावेचकांची मजुरी, पक्षी: कुठल्याही टोकाने सुरुवात करावी. इतिहासाच्या अभ्यासकाचीही अडचण होत नाही. गोवंडीहून गाडी थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून एल्फिन्स्टन कॉलेजातले सरकारी पुराभिलेखागार चालत जाण्याइतके जवळ आहे.

अडचणी आहेतच. घरभाडे फेलोशिपचा मोठा घास घेते. हवा वाईट आहे. दम्याचा त्रास असलेल्याने दहादा विचार करावा.

पण त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. हा पट्टा पालिकेच्या ज्या एम पूर्व विभागात येतो, तिथल्या वस्त्यांत वर्षानुवर्षे प्रश्नावल्या भरल्या जात आहेत. मुंबईच्या मानव विकास अहवालात हा विभाग तळाशी होता, त्यामुळे अभ्यासकांची रीघ साहजिक आहे. टिसने २०११ च्या सुमारास याच विभागात प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प हाती घेतला, तो म्हणूनच महत्त्वाचा. माहिती देणाऱ्या बाईला तिच्या माहितीचे पुढे काय झाले हे कळायला हवे, आणि ते सांगणे ही संशोधकाचीच जबाबदारी आहे.

तेव्हा देवनारला जरूर या. कामापुरती तरी मराठी आणि इथली हिंदी शिकून या, आणि अहवालाचा पहिला मसुदा परिषदेत मांडण्याआधी इथल्या बैंगनवाडीच्या वस्तीत वाचून दाखवा.