वडिलांचा जन्म, मुलाचा पासपोर्ट

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून पश्चिमेला निघालेली गाडी तासाभरात स्विंडनला पोहोचते. हे गाव वाढलं ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यावर. पुढे इथे होंडाच्या मोटारी बनू लागल्या. तो कारखानाही २०२१ साली बंद झाला. पण ब्रॉडग्रीन, मँचेस्टर रोडच्या बाजूला गेलं की कानावर कोंकणी पडते. गोदामांतल्या पाळ्या करून घर उभं केलेली ही माणसं मूळची गोव्याच्या बार्देश-साष्टीतली, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचा पासपोर्ट पोर्तुगालचा.

हे कसं, याचं उत्तर एका तारखेत आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. तोवर गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेले लोक पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज नागरिक होते. भारताने मार्च १९६२ मध्ये आदेश काढून त्यांना भारतीय नागरिक ठरवलं. जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. बाकी कुणाला अर्जविनंती करावी लागली नाही. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तरी या लोकांसाठी आपलं दार लावून घेतलं नाही. त्यांचा १९८१ चा कायदा सांगतो की पोर्तुगीज आईचं किंवा वडिलांचं परदेशात जन्मलेलं मूल, पोर्तुगालच्या दप्तरात जन्म नोंदवला की पोर्तुगीज होतं. तेही नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, जन्मापासून.

म्हणून धावपळ सुरू होते ती म्हापसा-मडगावच्या निबंधक कार्यालयांतून, वडिलांच्या जन्माच्या जुन्या नोंदीसाठी. ही नोंद वाचण्यासारखी असते. हाताने लिहिलेल्या सलग मजकुरात जन्माची वेळ, गाव, आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळे सापडतात. ज्या घरात पणजोबांचं नाव कुणाला आठवत नव्हतं, तिथे ते असं अचानक हाती लागतं. हिंदू घरांतून घोळ होतो तो स्पेलिंगचा. शंकरमधला 'श' पोर्तुगीज वळणाने एक्स अक्षराने लिहिलेला, नाईकमधला 'क' क्यूने, कामतांचे तर 'कामोतीं' झालेले. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर इंग्रजी धाटणी. मग हा इसम तोच, हे शाबीत करायला प्रतिज्ञापत्रं आली, वकील आले. एवढं झाल्यावर कागद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जातात. आधी वडिलांचा जन्म नोंदला जातो, मग त्याच्या आधाराने मुलाचा.

इथवर ही कागदपत्रं करून देणारे सगळे एजंट नीट सांगतात. पुढचं मात्र बरेचजण गाळतात.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणं हा नियमांप्रमाणे त्याचा निर्णायक पुरावा. 'दोन्ही ठेवा, कोण विचारतंय' असा सल्ला ऐकून भारतीय पासपोर्ट वापरत राहिलेल्यांचे पासपोर्ट पुढे रद्द झाले. वेळेवर पासपोर्ट जमा न केल्याने सरेंडर सर्टिफिकेट मिळेना, आणि त्याच्यावाचून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड अडलं. आईच्या आजारपणात गोव्याला जायचं तर स्वतःच्याच गावासाठी व्हिसा मागायची पाळी आली.

खरी मेख आहे ती दोन कायद्यांच्या भाषेत. लिस्बन म्हणतं, तू जन्मतःच आमचा होतास. दिल्ली म्हणते, तू आपखुशीने त्यांचा झालास. परदेशी पासपोर्ट हातात घेणं ही निवड आहे, हे मान्य. पण नुसती जन्मनोंदणी, जी १९६१ च्या आधीच्या वस्तुस्थितीची केवळ नोंद आहे, तिलाही नागरिकत्व सोडणं मानायचं का? वडिलांना एक नागरिकत्व राज्य बदललं म्हणून मिळालं, दुसरं कुणी काढून घेतलं नाही म्हणून उरलं. मुलाने यात केलं काय? केंद्राने हा फरक स्पष्ट शब्दांत मांडायला हवा. तो संदिग्ध ठेवल्याने धंदा फक्त दलालांचा होतो.

ओसीआय हेही नागरिकत्व नव्हे. आजन्म व्हिसा मिळतो. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियु कोश्ता यांना जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान मोदींनी बंगळूरूत ओसीआय कार्ड दिलं, त्याचं गोव्यात अप्रूप झालं. कोश्तांचं मूळ घराणं मडगावचं. स्विंडनमधल्या कामगाराच्या पाकिटात कार्ड तेच, पण त्याची वडिलोपार्जित बाग गोव्यात आहे आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याला आता मत नाही.

शिवाय ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, हिशेबच बदलला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या संघाच्या नागरिकांचा मुक्काम त्यांच्यासाठीच्या सेटलमेंट स्कीममधून पक्का करता आला. त्यानंतर येऊन राहू पाहणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी व्हिसा लागतो. म्हापशात आज कागद गोळा करणाऱ्या मुलाने स्विंडनच्या मावशीच्या भरवशावर राहू नये. त्याला वाट आहे ती आयर्लंडची, जर्मनीची किंवा खुद्द पोर्तुगालची.

परतीची वाटही कायद्यात आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. पूर्वी भारताचा नागरिक असलेला माणूस बारा महिने सलग भारतात राहून पाचव्या कलमाखाली पुन्हा नोंदणीचा अर्ज करू शकतो. मंजुरी सरकारच्या हाती असते, आणि पोर्तुगालचं नागरिकत्व सोडावं लागतं. पहिला अर्ज लिस्बनला धाडण्याआधीच हे कलम घरात सगळ्यांनी बसून वाचावं.