आठ दिवसांचा कौल

वसईच्या किल्ल्यात शाळेच्या सहली येतात तेव्हा एक गोष्ट हमखास कानावर पडते. मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या या किल्ल्याला घातलेला वेढा लांबला, किल्ला हाती येईना, तेव्हा मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा सरदारांना म्हणाले, मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात जाऊन पडू दे. सांगणाऱ्याचा आवाज चढतो, मुलं टाळ्या वाजवतात. दंतकथा असेल, पण गोष्ट जिवंत आहे आणि ती सांगितली जावी असं मलाही वाटतं. मात्र याच किल्ल्यात त्यानंतर जे आठ दिवस गेले, त्यांची गोष्ट सांगताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. ती मला सांगायची आहे, कारण माझी सगळी नोकरी त्या आठ दिवसांसारखे दिवस घडवून आणण्याच्या खटपटीत गेली.

मी गुप्तचर खात्यात होतो. हत्यार हाती घेतलेल्या संघटनांशी पडद्याआडून बोलणी सुरू करायची, चालू ठेवायची आणि उघड चर्चेच्या टेबलापर्यंत आणून सोडायची, हे माझं काम. कोणत्या संघटना, कोणती माणसं, हे मी आजही लिहिणार नाही. ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला त्यांतले काही अजून हयात आहेत. पण ते काम कसं चालतं हे सांगता येईल, आणि त्यासाठी वसईहून चांगलं गाव मला सापडलेलं नाही.

या कामात हेरगिरी आधी येते आणि बोलणी मागून. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या शब्दाला त्याच्याच माणसांत किंमत आहे का, हे आधी कळावं लागतं. नाही तर वर्षभर आपण अशा माणसाशी बोलत बसतो, ज्याचं जंगलात कोणी ऐकत नाही. वसईच्या मोहिमेत ही आतली खबर पुरवणारं एक मोठं नाव म्हणजे भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक. मोहिमेच्या कितीतरी आधीपासून ते आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे खेपा घालत होते. ‘साष्टीची बखर’ या घराण्याची हकिकत सांगते. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर चाल केली तेव्हा ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधलेला होता. अशी वेळ नेमकी साधायला गावातली, खाडीतली, वाटेवरची माणसं आपली असावी लागतात. इतिहासात मोहिमेला सेनापतीचं नाव मिळतं. माझ्यासारखा माणूस मात्र पान उलटताना आधी अंजूरकर शोधतो.

वेढा १७३९च्या फेब्रुवारीत बसला. सुरुंग लावले गेले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं, दोन्ही बाजूंची माणसं त्या खिंडारात कापली गेली. पोर्तुगीजांचा सेनापती सिल्वेइरा द मेनेझिस वेढ्यातच पडला आणि किल्ल्याचा भार काएतानो द सौझा पेरेरा याच्यावर आला. १६ मे रोजी त्याने शरणागतीची कलमं मान्य केली. इथून माझी गोष्ट सुरू होते.

तीन महिने ज्यांनी आपली माणसं मारली, त्यांना चिमाजी अप्पांनी काय दिलं? बाहेर पडायला मुदत दिली. हातात शस्त्रं, वाजते नगारे आणि फडकती निशाणं घेऊन जायची मुभा दिली. बायकामुलं सुखरूप नेता येतील ही हमी दिली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल हे कबूल केलं. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले आणि मुंबईकडे गेले.

जुन्या कागदांत याला सरळ शब्द आहे: कौल. कौल म्हणजे अभयाचं वचन. इतकी वर्षं मी जे काम केलं त्याला इंग्रजीत पुष्कळ नावं आहेत, पण या दोन अक्षरांत ते सगळं मावतं.

हा कौल निव्वळ मनाच्या मोठेपणातून आला असं मी म्हणणार नाही. पाऊस तोंडावर आला होता. आणखी दोन-तीन आठवड्यांत समुद्र बंद झाला असता. मराठ्यांची माणसं हजारोंनी कामी आली होती. नादिरशहा दिल्ली लुटत होता आणि बाजीराव पेशव्यांना उत्तरेकडे फौज हवी होती. म्हणजे चिमाजींनाही हे प्रकरण संपवायचं होतं. पण हिशेब दोघांचाही जुळतो तेव्हाच तह टिकतो, हे मी अनुभवाने शिकलो. उपकार म्हणून दिलेलं अभय उपकाराची आठवण पुसली की संपतं. गरजेतून दिलेलं पुढेही राहतं.

त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी दोन माणसं दोन दिशांना पाठवली. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजींकडे आला आणि १२ जुलैला व्यापाराचा तह करून गेला. कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेला. वरवर स्नेहाची भेट. आतली सूचना अशी की दरबारात बाजीरावांवर कोण नाराज आहे ते हेरून यावं. आमच्या धंद्यात हे दोन्ही रस्ते कायम शेजारी शेजारी असतात. बोलणी करणारा माणूस समोरच्यांत फूट पाडण्याच्या मोहात पडला की त्याच्या बोलण्यातला जीव जातो. फूट पाडणं सोपं असतं, पण त्यातून एकाच्या जागी तीन टोळ्या उभ्या राहतात आणि मग वचन पाळायला कोणीच जबाबदार उरत नाही. म्हणून माझ्या पहिल्या साहेबांनी मला एकच गोष्ट घोकायला लावली होती: निरोप न्यायचा तो जसाच्या तसा. निरोप्याने निरोपात साखर घालू नये आणि मीठही.

ईशान्येतल्या एका डोंगरगावात मी एका म्होरक्याच्या आईकडे जात असे. लाकडी घर, मधोमध चूल, चुलीवर टांगलेल्या फळीवर मांस वाळत ठेवलेलं. ती लाल चहा द्यायची आणि काही बोलायची नाही. गावातले एक शिक्षक दुभाष्याचं काम करत. तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, “तो आला तर दिवसा येईल की रात्री?”

मला वाटलं, तिला मुलाच्या जिवाची काळजी आहे. मी म्हणालो, “रात्री आणू, कोणाला दिसणार नाही.” तिने कप खाली ठेवला. शिक्षकांनी मला बाहेर नेऊन समजावलं: साहेब, तुम्हाला प्रश्न कळला नाही. रात्री येतो तो चोर. पोरगा गावादेखत, उजेडी, पुढच्या दाराने घरात येऊ शकेल का, एवढंच तिला विचारायचं आहे.

त्या दिवसापासून मी मसुद्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पैसा, पुनर्वसन, खटले, छावण्या ही कलमं लागतातच. पण जंगलातून येणारा माणूस बाहेर कसा चालत येणार, कोणाच्या समोर, कोणत्या कपड्यांत, हे ठरलं नसेल तर बाकीचं सगळं कागदावर राहतं. पोर्तुगीजांच्या नगाऱ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

शब्द मोडला की काय होतं तेही मी पाहिलं. एका मध्यस्थाला आम्ही वाट दिली होती. एका कार्यालयाने दुसऱ्याला वेळेत कळवलं नाही आणि नाक्यावर त्याला धरलं. सकाळी चूक लक्षात आली, त्याला सोडलं, माफी मागितली. पण तो माणूस पुन्हा आला नाही, आणि त्याच्यामागचं दार पुढे दोन वर्षं उघडलं नाही. त्या दोन वर्षांत जे जवान आणि जी पोरं गेली, त्यांची आठवण मला अजून झोपू देत नाही.

आपल्याकडच्या माणसाने हे काम शेवटास नेल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मिझोरामचं आहे. १९५९ला तिथे बांबू फुलला, उंदीर माजले, दुष्काळ पडला. त्या काळात झालेल्या उपेक्षेतून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. १९६६च्या मार्चमध्ये उठाव झाला आणि ऐजॉलवर आपल्याच वायुदलाने बॉम्ब टाकले. पुढे गुप्तचर अधिकाऱ्यांनी परदेशात फ्रंटचे नेते लालडेंगा यांच्याशी संधान बांधलं. १९७६ला ते दिल्लीत आले, कलमं ठरली, मोडली, पुन्हा बोलणी, पुन्हा फिसकटणं. अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. केंद्राच्या वतीने सही केली ती गृहसचिव राम प्रधान यांनी. हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी, एके काळी यशवंतराव चव्हाणांचे खाजगी सचिव. तो त्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस होता.

सहीइतकंच महत्त्वाचं पुढे घडलं. निवडून आलेले मुख्यमंत्री लाल थनहावला खुर्चीवरून उतरले, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि थनहावला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री म्हणून बसले. वीस वर्षं ज्याच्यावर बंदूक रोखली होती, त्याला पुढच्या दाराने आत घ्यायला कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते. फेब्रुवारी १९८७मध्ये मिझोराम राज्य झालं, आणि तो करार आजही उभा आहे.

गडचिरोलीतही हीच वाट मला दिसते. १ जानेवारी २०२५ रोजी माओवादी ताराक्का शस्त्र खाली ठेवून मुख्यमंत्र्यांसमोर बाहेर आली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तिचा नवरा, माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती, साठ साथीदारांसह आला. घरचं माणूस आधी येतं आणि मागून येणाऱ्याला रस्ता सुरक्षित आहे हे कळतं. त्या दोन तारखांच्या मधल्या महिन्यांत कोणी कोणते निरोप नेले असतील, ते मला ठाऊक नाही. कोणीतरी नेले असतील तर त्या अनाम माणसांना माझा नमस्कार.

वसईचा कौल निर्दोष नव्हता. इथल्या चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या; मेणवलीला, नाशिकला, भीमाशंकरला त्या आजही आहेत. ज्यांची देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती, त्यांचा रागही खरा होता. तरीही रविवारी सकाळी मी वसईतल्या पापडीहून येतो तेव्हा चर्चमधून बाहेर पडणारी कुटुंबं दिसतात, म्हाताऱ्या बायका दाराशी उभ्या राहून मराठीत विचारपूस करत असतात. या गर्दीच्या मुळाशी त्या मे महिन्यातलं एक कलम आहे, असं मला वाटतं.

तो डोंगरातला मुलगा घरी आला. मी तिथे नव्हतो. अशा वेळी आम्ही नसावं, हाच नियम. शिक्षकांनी नंतर फोनवर सांगितलं. सकाळचे दहा वाजले होते. गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं होतं. आईने पुढचं दार पहाटेपासून उघडं ठेवलं होतं, आणि तो आत आल्यावरही तिने ते बराच वेळ लावलं नाही.