काव, चुना आणि पुराची रेघ

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या सडकेने महाड जवळ येऊ लागले की गांधारपाल्याच्या लेण्यांचा डोंगर नजरेस पडतो, आणि मागोमाग सावित्रीचे रुंद पात्र. गेल्या आश्विनात आम्ही आजोळी गेलो ते एका कामगिरीवर : घरास कोणता रंग द्यावा हे ठरविण्यास. चार बिऱ्हाडे एका ओटीवर नांदतात त्या घरात असा प्रश्न सहजी सुटत नाही, हे वाचकांस सांगणे नको.

हे घर २०२१ च्या पुरात सापडले होते. त्या साली २१ व २२ जुलैस सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या गावात शिरल्या. २२ तारखेस तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. बाजारात पाणी माणसाच्या डोक्यावरून गेले. मामांचे घर जरा चढावर, म्हणून तेथे ते ओटीवर कमरेएवढे येऊन थांबले. ओसरल्यावर भिंतीवर सरळ तपकिरी रेघ उरली. ती झाकण्यासाठी मंडळींनी दिवाळीपूर्वी घाईने प्लास्टिकचा रंग देवविला. भिंती आतून ओल्याच होत्या. ओल बाहेर येऊ पाहते आणि हा रंग तिला वाट देत नाही. पुढे पोपडे सुटले आणि रेघ पुन्हा डोकावू लागली.

धाकट्या मंडळींनी दुकानातून शेकडो रंगांचे पत्रक आणले होते. त्यांची निवड : भिंती पिस्तई, दारे जांभळी. पत्रकावर ही जोडी खरोखर साजरी दिसे. आम्ही दोन हात जागेवर दोन्ही रंग लावून पाहिले आणि अंगणात जाऊन उभे राहिलो. मागे हिरवागार डोंगर, खाली काळ्या दगडाचे जोते. त्या हिरव्यापुढे पिस्तई रंग आजाऱ्यासारखा फिका पडला.

याचे कारण शेव्रेल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथ लिहून सांगितले आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात तो रंगकामाचा प्रमुख होता. काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार आली. त्याने तपासले तो सुतात दोष नाही. शेजारी निळे सूत विणले, म्हणून काळ्याचे तेज गेले. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो. हिरव्याजवळ तांबडा ठेवला तर दोघेही खुलतात. हिरव्या लुगड्यास तांबडा काठ लावणाऱ्या आपल्या बायकांस हे शेव्रेलवाचून ठाऊक होते. मात्र काठ तो काठच हवा. अंगभर पसरला तर लुगडे नेसवणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलादपुरास गेलो. कवींद्र परमानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याची जुनी घरे पाहत हिंडलो. वर चुना, खाली कावेचा पट्टा, माथ्यावर कौले. घाटात रस्त्यासाठी कापलेली माती पाहिली आणि उलगडा झाला : पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर जो चिखल उडतो त्याच जातीचा रंग पट्ट्याला. डाग पडतो, पण दिसत नाही. शिवाय फाल्गुनात गवत वाळून डोंगर पिवळे पडतात, तेव्हाही कावेचे त्यांच्याशी भांडण नाही. पिस्तईचे असते.

चुन्याचा आणखी एक गुण. तो हवेतील कर्बवायू घेऊन घट्ट होतो आणि भिंतीची ओल कोंडीत नाही. त्याचा क्षार मात्र तिखट. कित्येक रंग त्यात मरतात. काव व पिवडी या मातीच्या रंगांना तो बाधत नाही. धुण्याची नीळ चिमूटभर घातली की चुन्याचा पिवळटपणा लपून तो अधिक पांढरा भासतो. जास्त पडली तर घर धोब्याचे वाटते!

परत आल्यावर खरा वाद निघाला, आणि तो रंगाचा नव्हता. थोरल्या मामी म्हणाल्या, “रेघ पुसू नका रे. पाणी कुठवर आलं होतं ते पोरांना कळायला हवं.” मामा उसळले, “रोज सकाळी उठून तेच पाहायचं का?” दोघांचेही डोळे भरले होते. त्या रात्री मामांनी देव पोटाशी धरून माळा गाठला होता, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही गप्प राहिलो.

तोड काढली ती धाकट्या मामेबहिणीने, पिस्तई रंग निवडणाऱ्यांपैकीच एकीने. ती टेप घेऊन आली. भिंत दहा फूट, रेघ तीन फुटांवर. कावेचा पट्टा एरवी फूटभर असतो. तो रेघेपर्यंत चढवावा, म्हणजे पट्ट्याची वरची कड हीच पुराची रेघ. आम्हांस भीती होती की पट्टा जड होईल. पाच फूट असता तर भिंतीचे दोन तुकडे दिसलेच असते. तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिल्यामुळे तो बैठकीसारखा शोभला. पोपडे खरवडून, भिंती उन्हाने वाळू देऊन मगच हात फिरविला. मामा पट्ट्याकडे पाहून काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी आपली खुर्ची पुन्हा ओटीवर मांडली.

दारांचा रंग अजून ठरलेला नाही. मामींचे मत गर्द हिरव्याकडे आहे, धाकट्यांनी जांभळा सोडलेला नाही. दोन्हींचे हातभर नमुने मागच्या दारावर लावून ठेवले आहेत आणि फाल्गुनातले ऊन त्यांवर पडेपर्यंत थांबावयाचे ठरले आहे.