पाहुण्यांसमोर एकच मोठी फळी : दिसते छान, पण उन्हाळ्यात?

आज सुरुवात माझ्याच घरच्या चुकीपासून करतो.

मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि तिने संध्याकाळी पाहुणे बोलावले. ताटं-वाट्या नकोत, हल्ली मोबाईलवर दिसतो तसा 'ग्रेझिंग बोर्ड' करू, असं ठरलं. म्हणजे एका मोठ्या लाकडी फळीवर सगळे पदार्थ सजवायचे आणि ज्याने त्याने हाताने उचलून खायचे. आलापल्लीच्या सागवानाचा आमच्याकडे अभिमान, त्यामुळे फळीही सागवानीच करून घेतली. पनीर, दह्याचं डिप, सँडविच, टरबूज, काकडी, आंबा. साडेचारला सजावट झाली, फोटो निघाले. पाहुणे सातला आले आणि नऊपर्यंत खात होते.

मध्यरात्रीपर्यंत तिघांना उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकूंना मधुमेह आहे. त्यांना सलाईन लावावं लागलं.

नेमकं काय झालं असावं?

तपासणी केली नाही, त्यामुळे जंतूचं नाव ठामपणे सांगत नाही. पण खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होणं हे स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या विषाशी जुळतं. हा जंतू आपल्या नाकात, त्वचेवर आणि जखमेत असतो. हातावरून तो पनीर, दही, सँडविचमध्ये जातो, उबेत वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पदार्थ पुन्हा गरम केला तरी जात नाही. भाजी चिरताना मुलीचं बोट कापलं होतं. पट्टी दुपारी मीच बांधली होती, आणि 'आता पदार्थांना हात लावू नकोस' एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

वेळेचा हिशेब

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नासणारे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. ३२ अंशांच्या वर एकच तास. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर लावलेली खोलीही संध्याकाळी ३२ च्या खाली येईलच असं नाही. आमची फळी साडेचार तास बाहेर होती.

मग पंगतीत काय वेगळं होतं?

माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरीकडचं. तिथे लग्नात पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोणात वरण आणि वाढणारा पळीने वाढायचा. पाहुण्याचा हात भांड्यापर्यंत पोचतच नसे. अन्न चुलीवरून गरम यायचं, पत्रावळ एकदा वापरून टाकून द्यायची. पंगतीतही विषबाधा होते, नाही असं नाही. पण फळीवर वीस हात एकाच पदार्थात जातात, आणि कोणी किती खाल्लं तेही कळत नाही. मधुमेही माणसाला पानातल्या पोळ्या मोजता येतात. फळीवरच्या आंब्याच्या फोडी कोण मोजणार?

तरीही फळी मांडायची असेल तर

फळी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. आमचीही अजून आहे. फक्त एवढं करा :

• फळीवर कोरडे पदार्थच ठेवा : फुटाणे, शेंगदाणे, चिवडा, शंकरपाळे, खाकरा, अख्खी केळी.
• दही, पनीर, चिरलेली फळं फ्रिजमधून थोडी थोडी, छोट्या वाट्यांत काढा. उरलेली परत फ्रिजमध्ये नको, टाकून द्या.
• प्रत्येक पदार्थाला चमचा किंवा चिमटा, आणि प्रत्येक पाहुण्याला स्वतःची बशी.
• हाताला जखम, फोड असेल किंवा जुलाब होत असतील तर त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये.
• फळीला फर्निचरचं पॉलिश नको. वापरानंतर साबणाने धुवून उभी करून पूर्ण वाळवा. भेगा पडल्या की बदला.

उलट्या झाल्याच तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून घोट घोट द्या. लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा मधुमेही माणूस असेल, लघवी कमी झाली असेल किंवा शौचात रक्त असेल, तर घरी थांबू नका.

काकू आता ठणठणीत आहेत. परवा आल्या तेव्हा मुलीने त्यांना बशीत गरम बरबटीचे वडे दिले. काकूंनी दोन मोजून खाल्ले.